'चेक' म्हणजे नक्की काय तपासायचं?

वेलांटी
परवा माझी नऊ वर्षांची भाची आणि माझे वडील बुद्धिबळ खेळत बसले होते. तिने घोडा उचलून ठेवला आणि ओरडली, "आजोबा, चेक!" वडील म्हणाले, "शह म्हण." तिने विचारलं, "शह म्हणजे?" ते म्हणाले, "शह म्हणजे चेक." त्यावर तिने जे विचारलं ते तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. "पण चेक म्हणजे तपासणं ना? मग मी राजाचं काय तपासलं?"

वडिलांनी राजा एक घर सरकवला आणि "आधी खेळ पुढे" म्हणून विषय मिटवला. मी मात्र तिथेच अडकले. मेल चेक करायची, खात्यात चेक भरायचा, चेक्सचा शर्ट घालायचा, विमानतळावर चेक-इन करायचं, वर्षातून एकदा चेकअप. हे चार-पाच वेगळे शब्द आहेत आणि योगायोगाने एकसारखे ऐकू येतात, की मुळात एकच आहे? मला वाटतं तपासणं हा मूळ अर्थ असावा आणि बाकीचे त्यातून फुटले असावेत. जाणकारांनी सांगावं.

उकार
वेलांटी, प्रश्न फार आवडला. पण अंदाज नेमका उलटा आहे. तपासणं हा अर्थ शेवटच्या काही अर्थांपैकी. पहिला अर्थ बुद्धिबळातलाच. आणि तुमचे वडील 'शह म्हणजे चेक' म्हणाले ते शब्दशः खरं आहे. तो एकच शब्द आहे, दोन वाटांनी आलेला.

मूळ शब्द फारसी 'शाह', म्हणजे राजा. आपलं चतुरंग इराणात गेलं, तिथे त्याचं 'चतरंग' झालं, अरबीत 'शतरंज'. समोरच्याच्या राजावर मारा आला की खेळणारा तोंडाने 'शाह!' म्हणायचा. म्हणजे 'राजा! सांभाळ.' हा खेळ अरबांबरोबर युरोपात गेला आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्या शब्दाचं 'स्काकस' झालं. लॅटिन घशाला 'शाह' मधला शेवटचा 'ह' जमला नाही, त्याचा 'क' झाला. पुढे जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि इंग्लिशमध्ये साधारण १३०० च्या सुमारास 'चेक'.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन 'एशे', त्यावरून इंग्लिशमध्ये आलं 'चेस'. म्हणजे चेस आणि चेक हे एकाच शब्दाचे अनेकवचन आणि एकवचन आहेत. 'चेस' चा शब्दशः अर्थ 'राजे'.

मोरपंखी
अनेकवचन वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. वाचनखूण साठवली.

दर्यावर्दी
उकार, बुद्धिबळापुरतं मान्य. पण बँकेचा चेक अरबी 'सक्क' वरून आला असं मी कित्येक ठिकाणी वाचलंय. सक्क म्हणजे पैसे देण्याचा लेखी दस्तऐवज. दहाव्या शतकात इब्न हौकल या प्रवाशाने सहाराच्या दक्षिण टोकाला औदगस्त इथे ४२,००० दिनारांचा सक्क पाहिल्याचं लिहून ठेवलंय. वाळवंट ओलांडून एवढी नाणी उंटावर लादून न्यायची नाहीत म्हणून कागद! व्यवहार तोच, आवाजही तोच. मग बुद्धिबळाच्या पटावरून फिरून यायची गरज काय?

उकार
दर्यावर्दी, सक्कचा दाखला पक्का आहे आणि मलाही तो प्रिय आहे. कागदावर पैसे फिरवण्याची कल्पना युरोपाआधी अरब व्यापाऱ्यांकडे होती, यात वाद नाही. पण कल्पना तिकडची म्हणून शब्दही तिकडचाच, असं होत नाही. त्यासाठी मधली पावलं दिसायला लागतात.

इंग्लिशमधली पावलं वेगळी दिसतात. लंडनमध्ये १६५९ सालातला हाताने लिहिलेला ४०० पौंडांचा एक कागद सापडतो. आजच्या भाषेत तो चेकच, पण नुसती सराफाला लिहिलेली चिठ्ठी. 'चेक' हा शब्द त्यानंतर, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला येतो, आणि तेव्हा तो पैशाच्या कागदाला लावलेला नाही. त्या कागदाचा जो भाग फाडून मागे ठेवायचा, पडताळणीसाठी, त्याला 'चेक' म्हणत. त्या मागच्या तुकड्याचं नाव हळूहळू पुढच्या कागदाला चिकटलं. हे शब्दशः सक्कवरून आलं असतं तर सुरुवात कागदापासून झाली असती, पावतीच्या मुळापासून नाही.

बिनचूक
इथे मला बोलायलाच हवं, कारण माझं आयुष्य ताळा जुळवण्यात गेलंय.

मागे ठेवलेल्या तुकड्याला आपण काउंटरफॉईल म्हणतो. त्या शब्दामागे कागदाच्याही आधीची वस्तू आहे: लाकडाची काठी. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात पैसे भरले की एका काठीवर आडव्या खाचा पाडत. रक्कम मोठी तशी खाच रुंद. मग ती काठी उभी चिरायची. खाचा दोन्ही भागांवर अर्ध्या-अर्ध्या राहतात. लांब भाग देणाऱ्याकडे, त्याला 'स्टॉक' म्हणत. आखूड भाग घेणाऱ्याकडे, तो 'फॉईल'. हिशेबाच्या दिवशी दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघायचे. खाचा जुळल्या तर हिशेब खरा. कोणी आपल्या तुकड्यावर चोरून एक खाच वाढवली तर समोरच्या तुकड्यावर ती नसणारच, आणि लाकडाचे रेषे पुन्हा तसेच्या तसे बनवता येत नाहीत.

या काठ्यांना 'टॅली' म्हणत. आज लाखो लोक संगणकावर ज्या नावाच्या प्रणालीत हिशेब ठेवतात, ते नाव या खाचांच्या काठीचं.

ही पद्धत १८२६ साली बंद झाली. मग साठलेल्या काठ्यांचं करायचं काय? १६ ऑक्टोबर १८३४ ला त्या संसदेच्या इमारतीखालच्या भट्ट्यांत दोन गाड्या भरून जाळल्या. भट्टीची धुराडी तापली आणि वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा बहुतेक सगळा जळून गेला. आज जी इमारत चित्रांत दिसते ती त्या आगीनंतर बांधलेली.

तिसरी घंटा
बिनचूक, काठी चिरण्याचं वर्णन वाचताना हाताला लाकूड लागल्यासारखं वाटलं. तुम्ही स्वतंत्र धागा काढा, विनंती आहे.

काटकोन
बिनचूक यांनी खजिना काढलाच आहे तर पुढचा दुवा मी जोडतो, कारण राजाचा खजिना आणि बुद्धिबळ यांची गाठ तिथेच पडते.

इंग्लंडच्या अर्थमंत्र्याचा हुद्दा आजही 'चान्सलर ऑफ द एक्स्चेकर' आहे. एक्स्चेकर म्हणजे जुन्या फ्रेंचमधला 'एशेकिए', बुद्धिबळाचा पट! बाराव्या शतकात वर्षातून दोनदा प्रांतोप्रांतीचे शेरीफ वसूल घेऊन हजर होत. त्यांचा हिशेब ज्या टेबलावर व्हायचा त्याचं वर्णन रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने ११७० च्या दशकात लिहून ठेवलंय. दहा फूट लांब, पाच फूट रुंद. कडेने चार बोटं उंचीचा काठ, म्हणजे वर ठेवलेलं काही घरंगळू नये. त्यावर काळं कापड, कापडावर रेघा, आणि त्या रकान्यांत ठेवायच्या गोल चकत्या. एका रकान्यात पेनी, शेजारी शिलिंग, मग पौंड, मग विसा, शेकडा, हजार.

हे एवढं सगळं का? कारण तिकडे आकडे रोमन होते. रोमन आकड्यांत शून्य नाही, स्थानाला किंमत नाही. त्या आकड्यांत कागदावर बेरीज-वजाबाकी करून बघा, रडकुंडीला याल. कापडावर मात्र रकाना म्हणजेच स्थान. रकाना रिकामा राहिला की तेच शून्य. आपल्याकडे अंकाच्या जागेने जे काम केलं, ते तिकडे कापडाच्या घराने केलं.

फिट्झनील पुढे म्हणतो, याला बुद्धिबळाचा पट म्हणतात ते केवळ आकारामुळे नाही. इथेही दोघांत लढाई चालते. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला शेरीफ, आणि बाकीचे बसून निवाडा करतात. ज्याने कधी वसुलीचा हिशेब दिलाय त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

वेलांटी
म्हणजे चेक्सचा शर्टही तिथलाच?

काटकोन
हो. पटाच्या घरांसारखी नक्षी म्हणून 'चेकर्ड', त्याचा आखूड भाग 'चेक'. शर्यतीच्या शेवटी फडकणारा काळा-पांढरा झेंडाही त्यातलाच. आणि ब्रिटिश लोक बँकेच्या चेकचं स्पेलिंग वेगळं, शेवटी क्यू लावून करतात, त्यामागेही एक्स्चेकरचाच प्रभाव सांगतात. अमेरिकेत साधंच स्पेलिंग राहिलं.

गुलबक्षी
चेक प्रजासत्ताकसुद्धा? :)

उकार
नाही. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव, 'चेख' असं काहीसं ऐकू येतं. त्यांच्या दंतकथेतल्या आदिपुरुषाचंही हेच नाव. इंग्लिशने त्याचं स्पेलिंग पोलिशमधून उचललं. देवनागरीत लिहिलं की दोन्ही सारखे दिसतात एवढंच.

गुलबक्षी
आणि चेकाळणे? आमच्या घरात रोज संध्याकाळी सहा ते आठ हेच चालू असतं.

उकार
तो आपला जुना अस्सल शब्द आहे, त्याला राजाची गरज नाही. सहा ते आठ राजा कोण असतो ते तुम्हाला माहीत आहेच.

कोवळं ऊन
मग 'शहामृग' मधला शहा? लहानपणापासून मला वाटत आलंय की पक्ष्यांचा राजा म्हणून शहा, आणि धावतो म्हणून मृग.

अनुस्वार
कोवळं ऊन, तुमच्यासारखंच अख्ख्या मराठीला वाटलं, म्हणून तर शब्द तसा झाला! मूळ फारसी 'शुतुर्मुर्ग'. शुतुर म्हणजे उंट, मुर्ग म्हणजे पक्षी. उंटपक्षी. हिंदीत अजून शुतुरमुर्गच आहे. मराठी कानाला शुतुर अनोळखी, शहा ओळखीचा. मुर्ग परका, मृग घरचा. दोन्ही बदलून टाकले आणि उंटाचा राजा झाला, पक्ष्याचं हरीण झालं. परका शब्द ऐकला की भाषा त्यात ओळखीचं काहीतरी शोधते. शहाणा मध्येही शहा नाही, तो 'सज्ञान' वरून आला.

हिंदीवरून आणखी एक. मराठीत 'शह देणे' म्हणजे समोरच्याला अडवणं, त्याच्या चालीला तोड काढणं. शह-काटशह आपण रोज वापरतो. हिंदीत 'शह देना' म्हणजे चिथावणी देणं, मागून फूस लावणं. 'किसकी शह पर' म्हणजे कुणाच्या पाठबळावर. पट एकच, शब्द एकच. मराठी माणूस समोरच्याच्या राजाकडे बघतो आणि हिंदी माणूस मागे उभ्या असलेल्या राजाकडे. मी अनुवादाचं काम करते. याच शब्दावर एकदा माझा पूर्ण परिच्छेद उलट्या अर्थाचा झाला होता आणि छापायला जायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं. तेव्हापासून शह दिसला की मी थांबते.

दर्यावर्दी
अनुस्वार, हे भन्नाट आहे. माझी हिंदी पंचवीस वर्षांची आणि हा फरक कधी जाणवला नव्हता.

उकार, सक्कबद्दल मी अजून पूर्ण मागे हटलेलो नाही. भूमध्य समुद्रावर व्यापारी शतकानुशतकं एकमेकांचे शब्द उचलत होते. शब्द दोन घरांतून मजबूत होऊ शकतो. चेक हे नाव रुळलं, त्यात सक्कचा आवाज कानावर असल्याचा हातभार लागला नसेल कशावरून?

उकार
हातभार लागला नाही हे सिद्ध करता येणार नाही. पण लागला हे दाखवायचं काम तुमचं. :) तोपर्यंत मी मागच्या तुकड्याच्या बाजूने.

जोडाक्षर
उशिरा आलो. शाह इराणातला, तिथे कुठून आला ते कोणी बोललं नाही.

जुन्या पर्शियनमध्ये तो 'ख्षायथिय' असा होता. बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहूने, म्हणजे इंग्लिशमधल्या डरायसने, कोरून घेतलेल्या लेखाची सुरुवात या अर्थाची आहे: मी दारयवहू, थोर राजा, राजांचा राजा. तो राजा म्हणजे ख्षायथिय. काळ साधारण इसवीसनपूर्व ५२०. झिजत झिजत एवढ्या मोठ्या शब्दाचा 'शाह' राहिला. आता त्याची सुरुवात मोठ्याने म्हणून बघा: ख्ष, क्ष. संस्कृतात 'क्षयति' म्हणजे सत्ता चालवतो, 'क्षत्र' म्हणजे सत्ता, त्यावरून क्षत्रिय. दोन्ही भाषांतला तो एकच धातू. क्षत्रप हा शब्द तर इराणातूनच आपल्याकडे आला.

म्हणून क्षत्रिय आणि चेकबुक हे दूरचे भाऊबंद.

मोरपंखी
जोडाक्षर या नावाच्या माणसानेच 'क्ष' फोडून दाखवावा! दंडवत.

तिसरी घंटा
चेकमेट राहिलं ना. 'शाह मात' म्हणजे राजा मेला, असंच शिकलोय.

उकार
तसं सगळीकडे सांगतात, कारण अरबीत 'मात' म्हणजे मेला. पण फारसीत 'मात' म्हणजे हतबल, थक्क, काही सुचेनासा झालेला. खेळ आठवा. बुद्धिबळात राजा कधीच मरत नाही. प्यादं मरतं, घोडा मरतो, वजीरही मरतो. राजाला पटावरून कोणी उचलत नाही. त्याला जायला जागा उरत नाही आणि डाव तिथे संपतो. म्हणून मला फारसी अर्थच पटतो. मराठीतही 'संकटावर मात केली' म्हणतो तेव्हा आपण संकटाला ठार मारत नाही, त्याला निष्प्रभ करतो. रशियनमध्ये तर या खेळाचं नावच 'शाखमाती' आहे.

अर्धविराम
सगळं सुंदर चाललंय, पण वेलांटींच्या भाचीचा प्रश्न तसाच राहिलाय. 'राजा!' या हाकेतून 'तपासणं' कसं आलं? मधला पूल कोणीच बांधलेला नाही.

उकार
बरोबर पकडलंत.

शह बसला की काय होतं? तुमच्या डोक्यात पुढच्या पाच चालींचा बेत असला तरी तो सगळा बाजूला. आधी राजा वाचवायचा. म्हणजे 'चेक' चा परिणाम काय, तर अडवणूक. धावणारा एकदम थांबला. चौदाव्या शतकापासून इंग्लिशमध्ये 'चेक' चा अर्थ थांबवणं, लगाम घालणं असा होतो. आपण जिथे पायबंद घातला म्हणतो, तिथे ते चेक म्हणतात. मग लगाम कशाला घालायचा? चुकीला, चोरीला, खोट्या हिशेबाला. आणि चुकीला लगाम घालायचा तर ती आधी शोधायला हवी. हा 'शोधून पडताळणं' अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट दिसतो. राजा, मग अडवणूक, मग लगाम, मग पडताळणी. चार पायऱ्या.

बिनचूक
याची उलटी जोडीही आहे. 'कंट्रोल'. मूळ शब्द 'काउंटर-रोल', म्हणजे हिशेबाच्या गुंडाळीची दुसरी प्रत, पहिलीशी ताडून बघायला ठेवलेली. कंट्रोल करणं म्हणजे तपासणं एवढाच अर्थ होता. त्यातून पुढे ताबा, नियंत्रण आलं. चेक ताब्याकडून तपासणीकडे गेला आणि कंट्रोल तपासणीकडून ताब्याकडे. दोघं वाटेत एकमेकांना भेटले असतील.

मी नोकरीला लागलो तेव्हा वरिष्ठांनी एकच सांगितलं होतं: दुसऱ्याने काढलेल्या बेरजेवर हिरवी खूण करायची, ती पेन थांबवून करायची. ओघात केलेली खूण म्हणजे खूण नाही. पेन थांबायला हवं. आज उकारांच्या पायऱ्या वाचताना ते आठवलं.

प्रवासी पक्षी
विमानतळावरचा चेक-इन कुठल्या पायरीवर?

बिनचूक
काठीच्या. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रेल्वेत सामान द्यायचं तर पितळी बिल्ल्यांची जोडी असायची. एक पेटीला, एक प्रवाशाच्या हातात. त्या बिल्ल्याला 'चेक' म्हणत. उतरल्यावर दोन्ही जुळले की पेटी तुमची. आज तुमच्या बॅगेला जो कागदी पट्टा लावतात आणि त्याचा छोटा तुकडा तुम्हाला देतात, ते तेच. बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला की पुन्हा येण्यासाठी 'रेन चेक' मिळायचा, तोही त्याच जातीचा.

अनुस्वार
धागा संपायच्या आत एक. 'लोकशाही' हा शब्द फोडून बघा. लोक अधिक शाही. आदिलशाही, निजामशाही यांच्यातली शाही आपण सरळ उचलून लोकांना लावली. हिंदीने लोकतंत्र केलं, मराठीने लोकशाही. म्हणजे त्या शब्दात बसलेला राजा तोच, जो चेकमध्ये आहे. आणि अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्यांनी सत्तेवर सत्तेचा लगाम हवा म्हणून जे शब्द रूढ केले, 'चेक्स अँड बॅलन्सेस', त्याचं मराठी करायला मी काल बसले. शेवटी 'लोकशाहीतले शह-काटशह' असं लिहिलं आणि मग खोडलं, कारण आपल्याकडे त्याला डावपेचाचा वास येतो. सुचवा कोणीतरी.

जोडाक्षर
'परस्पर अंकुश' कसं वाटतं?

अनुस्वार
छान आहे. घेते. तोल मात्र निसटतो, बघते.

वेलांटी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाचीला बसवून सगळं सांगितलं. काठीची गोष्ट तिने दोनदा ऐकली आणि आइस्क्रीमच्या काडीवर खाचा पाडून ती उभी चिरायला गेली, काडी तुटली. मग म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की तू काहीच तपासलं नाहीस. तू राजाला हाक मारलीस आणि आजोबांना थांबायला लावलंस.

आज सकाळी पुन्हा पट मांडला. तिने उंट ठेवला आणि 'चेक' ही नाही, 'शह' ही नाही, जोरात म्हणाली, "आजोबा, राजा!"

वडील म्हणाले, "शह म्हण."

काटकोन
जिंकलं कोण?

वेलांटी
भाची. तेही प्याद्याने. वडिलांनी स्वतःच तिला शब्द शिकवला, 'प्यादेमात'. आता ते एकटेच तो डाव पुन्हा मांडून बघतायत.